१९६५च्या एमजीबीचे सिल बदलताना

प्रश्न (मुलुंड): काकांकडून मिळालेली १९६५ सालची एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश बनावटीची, पक्के छप्पर नसलेली स्पोर्ट्स कार) मी घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करत आहे. दारांखालचे दोन्ही सिल (बांध्याच्या कडेने जाणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या) गंजून पोकळ झाले आहेत. आधी इंजिन उतरवावे की पत्राकाम करावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (गिरगाव): पत्राकाम आधी. या गाडीला वेगळी चासी (खालचा स्वतंत्र सांगाडा) नाही. छप्परही पक्के नसल्यामुळे बांध्याची बरीचशी ताकद सिलमध्येच असते, म्हणून ते कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आडवा आधार वेल्ड करून घ्यावा, गाडीचे वजन चाकांवर राहू द्यावे आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. अन्यथा गाडी मध्यभागी खचते व दारे पुन्हा बसत नाहीत. पेट्रोलची टाकी आधी काढून दूर ठेवावी, हे आपणांस ठाऊक असेलच, तरी सांगतो. नवा पत्रा प्रायमरविना ठेवू नये. मुंबईच्या पावसाळी हवेत त्यावर लगेच तांबूस थर धरतो.

उत्तर (माहीम): वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी. १९६५च्या गाडीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, त्यामुळे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या गाड्यांसाठीचा आधुनिक अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) थेट बसवू नये. बहुतेक नटबोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरच्या पान्यांनी त्यांचे कोपरे झिजतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सिल कुर्ल्याच्या बाजारात मिळतील का?

उत्तर (गिरगाव): शक्यता कमीच. ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ ही कंपनी या गाडीचे पत्रे आजही बनवते, तेच मागवावेत.