इसिसॉरसचा देखावा करायचाय : माप, लगदा, झाडं

चिंचपन्ना :
शाळेच्या प्रदर्शनासाठी चंद्रपूरकडच्या इसिसॉरस या डायनोसॉरचा देखावा हवा आहे. प्लाय ६० × ४५ सेंमी. प्रमाण कोणतं घ्यावं? कागदाचा लगदा चालेल का? खाली हिरवळीची चटई, मागे ज्वालामुखी असा बेत आहे.

कातळकोरी :
१:४० घ्या. प्राणी अंदाजे १८ मीटर, म्हणजे ४५ सेंमी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला मिळालेल्या सांगाड्यात दंडाचं हाड १४८ सेंमी आहे, ते तुमच्याकडे ३.७ सेंमी होईल. पुढचे पाय त्या हिशेबाने लांब, खांदा उंच, मान आखूड. दुकानातलं लांब मानेचं खेळणं समोर ठेवून केलात तर भलताच प्राणी तयार होईल. कवटी आणि मागचे पाय मिळालेले नाहीत. ते इतर टायटॅनोसॉरांवरून (इसिसॉरस ज्या गटातला, ते शाकाहारी डायनोसॉर) बेता आणि फलकावर तसं लिहा. पुढच्या पावलांना हत्तीची नखं नकोत. शेपटी अधांतरी.

लगदेवाला :
लगदा चालेल, पण एकदम थापू नका. ओल्या वजनाने मान लवते, आत ओल राहिली की बुरशी धरते. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी), दुहेरी पिळून. त्यावर वर्तमानपत्राचे बोळे दोऱ्याने आवळा, मग ३-४ मिमीचे थर, आधीचा खडखडीत वाळल्यावरच पुढचा. पायांतल्या तारा ३ सेंमी जास्त ठेवा, प्लायला भोकं पाडून खालून वळवा. नुसत्या फेव्हिकॉलवर उभा राहणार नाही.

कातळकोरी :
चटई नकोच. डोंगरगावजवळच्या पिसदुऱ्याला दगड झालेलं शेण सापडतं, बहुधा टायटॅनोसॉरांचं. त्यात गवताचे सिलिकाकण असल्याचं २००५ मध्ये जाहीर झालं, शिवाय ताडवर्ग, सूचिपर्णी, सायकॅडही (ताडासारखी दिसणारी बिनफुलांची झाडं). म्हणजे गवत होतं, पण कुरणं नव्हती. तळ्याकाठी चार झुपके पुरेत, बाकी भुरी-तांबूस माती. सूचिपर्णींसाठी सुरूच्या वाळक्या डहाळ्या छान दिसतात (सुरू स्वतः सूचिपर्णी नाही, तेवढं चालवून घ्या). आणि ज्वालामुखीचा सुळका काढा तिथून! दख्खनचा लाव्हा मुख्यतः भेगांतून पसरला. दाखवायचाच तर दूर कोपऱ्यात एक लाल चीर.

चिंचपन्ना :
शिकारी म्हणून टी-रेक्स?

कातळकोरी :
तो उत्तर अमेरिकेतला. राजासॉरस ठेवा, गुजरातच्या रहिओलीचा, त्याच काळातला.

लगदेवाला :
अंडी हवी असतील तर साबुदाणा. टायटॅनोसॉरचं अंडं साधारण १६ सेंमी, या प्रमाणात ४ मिमी. आधी नेलपॉलिशचे दोन हात द्या, नाहीतर फेव्हिकॉलच्या ओलीने फुगून खिचडीला निघाल्यासारखा दिसतो.