प्रतिसाद: जपानी लेआउटसाठी हाकोने का नको?

मॉडेल रेल्वेचा डोंगराळ जपानी लेआउट (देखाव्यासह मांडणी) करायचा आहे आणि डीसीसी (प्रत्येक गाडीला स्वतंत्र डिजिटल आदेश देणारी पद्धत) घ्यावं की साधं डीसी (रुळांतला वीजपुरवठा कमी-जास्त करून गाडी चालवणं) पुरेल, असं तुम्ही विचारलंय. मी जपानमधली हाकोने तोझान ही डोंगरी रेल्वे सुचवेन.

जपानी एन स्केल (मॉडेलचं एक प्रमाण) १:१५०, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर मात्र ९ मिमी. १०६७ मिमी गेजच्या नेहमीच्या जपानी मार्गांसाठी ७ मिमी हवेत, म्हणून तिथे रूळ रुंद वाटतात. हाकोनेचा गेज १४३५ मिमी, त्यामुळे हा फरक खूपच कमी होतो. शिवाय तिथलं सर्वांत तीव्र वळण ३० मीटर त्रिज्येचं आहे, म्हणजे मॉडेलमध्ये २० सेमी. छोट्या टेबलासाठी याहून चांगलं काय मिळणार!

चढ मात्र हजाराला ८०, म्हणजे ८ टक्के आहे. तो जसाच्या तसा करू नका, ४ टक्क्यांवर थांबा.

डीसीसी घ्याच. या मार्गावर गाडी तीन ठिकाणी थांबून उलट दिशेने निघते, चालक आणि गार्ड टोकं बदलतात. साध्या डीसीवर गाडी थांबली की दिवेही विझतात आणि सगळी मजा जाते. डीसीसीत ते उभ्या गाडीतही चालू राहतात, आणि ओहिरादाई या वाटेवरच्या स्टेशनला दोन गाड्या वेगवेगळ्या हाकता येतात. फक्त मोटरच्या डब्याबरोबर दोन्ही टोकांच्या डब्यांतही डिकोडर (डीसीसीचे आदेश ओळखणारी चिप) लागतील, त्यांचा पत्ता (ओळख क्रमांक) एकच ठेवा. खर्च वाढतो, पण दिशा बदलताना पुढचे पांढरे दिवे लाल होताना पाहणं मला फार आवडतं.

देखाव्यात रुळांलगत निळ्या-जांभळ्या हायड्रेंजिया हव्यातच.