'टाका', 'बसवा' की 'इन्स्टॉल करा'?

वाचनालयवाली:
गिरगावातल्या आमच्या वाचनालयात दोन जुने संगणक आहेत. त्यांना विंडोज झेपेना, म्हणून गेल्या वर्षी त्यांवर उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) घातलं. दुपारी ज्येष्ठ मंडळी पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि जुनी व्याख्यानं, कीर्तनं बघतात. त्यांच्यासाठी मी एक पानभर मराठी सूचना लिहून भिंतीवर लावल्या. त्यातली एक अशी होती: 'स्नॅपमधला व्हीएलसी काढून ॲप्टमधला टाका.' व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम, त्याचं चिन्ह नारिंगी शंकू; स्नॅप आणि ॲप्ट हे उबंटूवर प्रोग्राम आणायचे दोन मार्ग. कारण इतकंच की स्नॅपमधल्या व्हीएलसीला पेनड्राइव्ह दिसत नव्हता.

एका संगणकावर मी ॲप्टमधला आधीच घालून ठेवला होता, त्यामुळे मेनूत नारिंगी शंकू दोन दिसत होते. आमचे एक सभासद आजोबा बँकेतून निवृत्त झालेले आहेत, अत्यंत काटेकोर. त्यांनी सूचना वाचली आणि दोन्ही शंकू काढून टाकले. मी विचारलं तर म्हणाले, "तूच लिहिलंयस, काढून टाका." मी पुन्हा वाचलं आणि मलाही तसंच दिसायला लागलं. 'काढून' आणि 'टाका' यांच्यामध्ये एक शब्द आला तरी डोळा ते जोडूनच वाचतो.

आता नवं पत्रक करायचंय. दुसरे एक सभासद 'स्थापित करा' लिहा म्हणतात, माझा भाऊ 'टाका'च बरोबर म्हणतो. प्रोग्राम संगणकात आणून चालता करणं, याला तुम्ही घरी काय म्हणता?

डबलफास्ट:
ताई, आधी कामाचं. स्नॅपमधला व्हीएलसी काढायची गरजच नव्हती. स्नॅपचे प्रोग्राम बंदिस्त असतात, बाहेरच्या डिस्कची परवानगी वेगळी द्यावी लागते. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो स्नॅप कनेक्ट', मग 'व्हीएलसी', अपूर्णविराम, 'रिमूव्हेबल-मीडिया'. एवढ्यावर पेनड्राइव्ह दिसायला लागेल.

शब्दाचं म्हणाल तर 'टाका' राहू द्या. "लॅपटॉपमध्ये व्हीएलसी टाकून दे" हेच आमच्या डोंबिवलीच्या अख्ख्या इमारतीत बोलतात. चूक 'टाका'ची नाही, दोन कामं एका वाक्यात कोंबल्याची आहे.

ताम्हण:
असहमत. टाकणे म्हणजे सोडून देणे, फेकणे. टाकाऊ, ओवाळून टाकणे, कात टाकणे, "ताटात टाकू नकोस". नवऱ्याने टाकलेली बाई म्हटलं की अजूनही पोटात कालवतं, इतका तो शब्द सोडण्याशी बांधलेला आहे. लहानपणी मी "आमटीत मीठ टाकलं" म्हटलं की आई तिथल्या तिथे थांबवायची: "मीठ घालतात, कचरा टाकतात." आजोबा चुकले असं मला वाटत नाही. त्यांनी मराठी नीट वाचलं.

नळ बसवतात, मीटर बसवतात, कवळी बसवतात. व्हीएलसी 'बसवा' लिहा.

भायखळा:
ताम्हण, तुमच्या आईंचा नियम माझ्या आजीचाही होता. पण पाहुणे आले की तीच आजी आतल्या खोलीकडे बघून म्हणायची, "चहा टाक गं!" चहा घाल असं तिने कधीच म्हटलं नाही.

आणि 'दुकान टाकणे'? माझ्या चुलत्यांनी करी रोडला सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. म्हणजे जागा घेतली, सामान आणलं, मांडलं आणि धंदा चालू केला. इन्स्टॉलचा याहून जवळचा अर्थ मला सुचत नाही. चाळीत रात्री गॅलरीत गाद्या टाकायचो, सकाळी गुंडाळायचो. पेटीत पत्र टाकायचो ते पोचावं म्हणूनच ना? फेकणे हा टाकणेच्या अनेक अर्थांपैकी एक. 'काढून', 'फेकून', 'विसरून' असं काही मागे लागलं की मगच त्या 'टाक'ला सुटका करण्याची धार येते.

(वाचनालयवाली ताई, तुम्ही स्वतः वर 'उबंटू घातलं' लिहिलंय. तुमच्या तोंडचा शब्द तोच असेल तर तो का सोडता?)

नेपथ्य:
'बसवा'च्या बाजूने मला जरा लांब बोलायचंय.

कॉलेजात असताना आम्ही एकांकिका बसवायचो. रुपारेलजवळच्या एका शाळेचा वर्ग संध्याकाळी मिळायचा. संहिता हातात आली म्हणजे नाटक आलं असं नव्हे. प्रकाशवाला, संगीतवाला, दार उघडायला उभा असलेला मुलगा, सगळ्यांना एकमेकांच्या वेळा कळल्या की नाटक 'बसलं' म्हणायचे. कवितेला चाल बसवतात, संसाराची घडी बसवतात, तिथेही तेच.

लिनक्सवर प्रोग्राम आणताना नेमकं हेच होतं. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी' म्हटलं की एकटा व्हीएलसी येत नाही. त्याच्यामागे ढीगभर लायब्ररी (त्याला लागणारे मदतनीस प्रोग्राम) येतात, कोणी आवाजाचं बघतं, कोणी चित्र उलगडतं, कोणी सबटायटलची अक्षरं जुळवतं. एखादी हवी त्या आवृत्तीत मिळाली नाही तर ॲप्ट अडून बसतं आणि 'अनमेट डिपेंडन्सीज' म्हणतं. मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' देऊन घडी पुन्हा बसवावी लागते. 'टाका'मध्ये ही जुळणी कुठे आहे?

डबलफास्ट:
जुळणीचा मुद्दा मान्य. पण बसवण्याच्या शेजारीच 'बसणे' बसलंय. घसा बसतो, भिंत बसते. 1982च्या संपानंतर गिरण्या बसल्या, हे गिरगाव-परळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आजोबांनी फोन करून "व्हीएलसी बसला" म्हटलं तर ताईंनी काय समजायचं? चालू झाला की बंद पडला?

आणि ते बसला की बसलं की बसली? आमच्याकडे प्लेयर म्हणून तो, सॉफ्टवेअर म्हणून ते.

नेपथ्य:
"नाटक बसलं" म्हटल्यावर कोणी ते कोसळलं असं समजत नाही. संदर्भ नावाची गोष्ट असते.

डबलफास्ट:
हेच 'टाका'लाही लागू पडतं की.

तत्सम:
इतका वेळ सगळे एक साधी गोष्ट टाळताहेत. आपल्याकडे घटस्थापना आहे, गणेशाची स्थापना आहे, प्राणप्रतिष्ठापना आहे. वस्तू आणून जागेवर ठेवायची आणि ती कार्यरत होईल असा विधी करायचा, हा पूर्ण अर्थ 'स्थापना'त आहे. लिनक्सच्या काही मराठी मेनूंत मी 'प्रतिष्ठापन' वाचलंय आणि मला ते आवडलं. 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हाही ते जड वाटले असतील. आज मुंबईचा महापौर म्हणताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. शब्द वापरला तरच तो रुळतो. वाचनालयानेच नाही वापरायचा तर कोणी?

फक्त 'स्थापित करा' नको. ती 'स्थापित करें'ची नक्कल आहे. मराठीत 'स्थापन करा'.

भायखळा:
घट स्थापतात आणि गणपती? लालबागला विचारा. गणपती 'बसवतात'. "तुमच्याकडे दीड दिवसाचा बसतो की पाच दिवसांचा?" असंच विचारतात. स्थापना पत्रिकेवर छापलेली असते, बोलण्यात बसवणेच येतं.

महापौर, दिनांक ही नामं आहेत. पाटीवर, अर्जावर रोज दिसत राहिली की अंगवळणी पडतात. क्रियापदाचं तसं होत नाही, ते घाईत, रागात, फोनवर ओरडून सांगताना तोंडात यावं लागतं. "अरे, आधी स्थापन कर ना!" असं तुमच्या घरात कोणी म्हटलंय का, तत्सम? मनापासून विचारतोय.

तत्सम:
माझ्या मुलीला मी तसंच सांगतो आणि ती तसंच म्हणते. घरात ठरवलं तर होतं.

पडदातुटला:
अंधेरी स्टेशनबाहेर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर ऐकतो ते सांगतो. तरुण पोरं "इन्स्टॉल मार", "फॉरमॅट मार" म्हणतात. फोन मराठीत केला की बटणावरही 'इंस्टॉल करा' असंच येतं, म्हणजे ज्येष्ठांनी तो शब्द रोज पाहिलेला आहे. पण वयस्कर गिऱ्हाइकं यातलं काहीच बोलत नाहीत. ती म्हणतात, "बाळा, ते ॲप डाउनलोड करून दे." उतरवणं आणि बसवणं त्यांच्या लेखी एकच काम आहे, कारण फोनवर ते एकाच बोटाने होतं. ताईंचे आजोबाही बहुतेक हेच म्हणत असतील. त्यांना विचारलंत का?

डबलफास्ट:
मोबाइलवर ठीक, पण संगणकाच्या पत्रकावर 'डाउनलोड' अजिबात लिहू नका. लोक ब्राउझर उघडून शोधत बसतात आणि भलत्याच साइटवरून काहीतरी उचलतात. लिनक्सची सगळी गंमत यात आहे की प्रोग्राम त्या त्या लिनक्स वितरणाच्या (इथे उबंटूच्या) स्वतःच्या रिपॉझिटरीतून, म्हणजे प्रोग्रामांच्या साठ्यातून येतो. 2022मध्ये व्हीएलसीची साइट भारतात महिनोन्‌महिने उघडत नव्हती, नोव्हेंबरात सुरू झाली. विंडोजवाले मित्र मला फाइल मागत होते. मी त्या काळात दोनदा उबंटू नव्याने घातलं आणि मला काही जाणवलंसुद्धा नाही, कारण व्हीएलसी उबंटूच्या 'युनिव्हर्स' विभागातून येत होता.

तर रिपॉझिटरीला मी 'वखार' म्हणतो. माल आधीच तपासून, रचून ठेवलेला असतो आणि आपण यादी देऊन मागवतो. रे रोडच्या लाकडाच्या वखारी बघत मोठा झालोय, मला याहून चपखल शब्द नाही.

ताम्हण:
वखार म्हटलं की मला सुरतेची इंग्रजांची वखार आठवते, आणि तिथून पुढे काय झालं तेही. 'कोठार' म्हणा, आपल्या शेतातलं.

डबलफास्ट:
कोठारातलं धान्य घरच्यांसाठी असतं. वखारीत कोणीही येऊन मागू शकतो. खुल्या सॉफ्टवेअरला वखारच शोभते. व्हीएलसी 1996मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी सुरू केला आणि 2001मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. ते कोठाराला कुलूप लावून बसले असते तर आज गिरगावात कीर्तन वाजलं नसतं.

कुलपावरून आठवलं. ताई, संगणक सुरू केल्या केल्या ॲप्ट चालवलं तर 'कुड नॉट गेट लॉक' असं येईल. त्या वेळी उबंटू आतल्या आत स्वतःला अद्ययावत करत असतं. थोडं थांबायचं, पुन्हा करायचं. ती लॉकची फाइल पुसायला सांगणारे सल्ले पाळू नका.

ताम्हण:
'टाकणे'वर एक राहिलं. आमचे मराठीचे सर म्हणायचे की हा शब्द 'टंक'वरून आला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, त्यातली टाकी. दगडावर टाकी टाकायची, म्हणजे घाव घालायचा, तिथून टाकणे.

नेपथ्य:
छिन्नी या अर्थाची टाकी 'टंक'वरून आली, हे बरोबर. टांकसाळ आणि टंकलेखनही त्याच घरातले. पण म्हणून टाकणे हे क्रियापद तिथून आलं असं होत नाही. ध्वनी जुळला की नातं जुळलं असं धरलं तर शिवणीचा टाका आणि पाण्याचं टाकं यांनाही सख्खे भाऊ म्हणावं लागेल.

भायखळा:
पाण्याचं टाकं खोदायला टाकीच लागते, त्यामुळे ते नातं मी तरी इतक्या सहज सोडणार नाही. कान्हेरीला बहुतेक लेण्यांबाहेर टाकी आहेत, पावसाळ्यानंतर गेलात तर काठोकाठ भरलेली दिसतात. तिथल्या शिलालेखांत मात्र त्यांना 'पोढी' म्हटलंय. म्हणजे तिथे कोरणाऱ्यांनी लिहिताना वेगळा शब्द वापरला. मग 'टाकं' आपल्या तोंडात केव्हा आलं? इंग्रजी 'टँक' गुजराती-मराठीतून गेला असं मानणारे अभ्यासक आहेत, पोर्तुगीज 'टांक'कडे बोट दाखवणारेही आहेत.

तत्सम:
आपण इन्स्टॉलला शब्द शोधत होतो.

वाचनालयवाली:
मी सगळं वाचत होते, सगळ्यांचे आभार. स्नॅपची परवानगी दिली, पेनड्राइव्ह दिसतोय.

पडदातुटला, तुमचं ऐकून आजोबांना विचारलं. म्हणाले, "मी 'चढवणे' म्हणतो. बँकेत संगणक आले तेव्हा आम्ही प्रोग्राम चढवायचो." हा शब्द तर इथे कोणी काढलाच नाही! शिवाय त्यांची तक्रार 'टाका'पेक्षा 'काढा'वर जास्त आहे. फोटो काढा म्हणजे नवा तयार करा, कर्ज काढा म्हणजे घ्या, आणि व्हीएलसी काढा म्हणजे घालवा, हे कसं, असं विचारतात. मला उत्तर देता आलं नाही.

तूर्तास पत्रकावर ते क्रियापदच लिहिलेलं नाही. 'मेनूत नारिंगी शंकू एकच दिसला पाहिजे. दोन दिसले किंवा एकही दिसला नाही तर मला हाक मारा' असं लिहिलंय.

आता नवी अडचण. एका व्याख्यानाखाली मराठी उपशीर्षकं आहेत, त्यांच्या जागी नुसते चौकोन येतात.

डबलफास्ट:
नुसते चौकोन म्हणजे फाइल बहुधा ठीक आहे, देवनागरी फॉन्ट नाही. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा' द्या. मग व्हीएलसीच्या प्राधान्यांत सबटायटलच्या पानावर तो फॉन्ट निवडा, एन्कोडिंग युटीएफ-8 ठेवा, आणि व्हीएलसी बंद करून पुन्हा उघडा. चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला असता तर ती फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असती, आणि तिला आधी युनिकोडमध्ये बदलावं लागलं असतं.

भायखळा:
'चढवणे' एकदम पटलं. भट्टी, रंग, मजला, सगळं चढवतोच आपण. पण मग काढताना 'उतरवणे' म्हणावं लागेल, आणि उतरवणे तर डाउनलोडला दिलंय.

ताम्हण:
'उपशीर्षक' म्हणजे लेखातलं मुख्य शीर्षकाखालचं दुय्यम शीर्षक. पडद्याखाली धावणाऱ्या ओळींना तो शब्द कसा चालेल?