पहिली गाडी, स्वतःच्या हातांनी बांधलेली : खान्देशातले अनुभव

जुनी मोटरसायकल उघडून तिला मनाजोगे रूप देण्याचा पहिलावहिला प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांनी इथे आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. तयार झालेल्या गाडीची छायाचित्रे पुष्कळ पाहायला मिळतात. मला हवे आहेत ते मधले महिने, जेव्हा निम्मे सुटे भाग गोणपाटावर पसरलेले असतात आणि पुढे काय करावे हे सुचत नसते. प्रत्येकाने आधी आपले गाव लिहावे. सुरुवात मी करतो.

जळगाव. वडिलांची १९९० ची हीरो होंडा सीडी १०० नऊ वर्षे पडवीत उभी होती. तिची कॅफे रेसर करायची, म्हणजे हँडल खाली, सीट एकट्यापुरते आणि शेपूट आखूड, असे मी ठरवले आणि गाडी एकदाही न चालवता ग्राइंडरने चेसिसची मागची टोके कापली. गिअरबॉक्स आवाज करतो का, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे आधी पाहिले असते तर पैसे कुठे लागणार याचा अंदाज आला असता. प्रत्यक्षात सीट आणि रंगावर खर्च झाल्यावर इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड उघडले, तेव्हा व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात ते व्हॉल्व्ह गाइड आणि व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी टायमिंग चेन दोन्ही झिजलेले निघाले आणि काम सात महिने थांबले.

दुसरी गोष्ट वेल्डिंगची. मागे गोल वाकवलेली नळी जोडताना नळ्या नुसत्या टोकाला टोक भिडवून टाका मारला गेला. साधारण दोनशे किलोमीटरनंतर एरंडोलच्या रस्त्यावर सीट हलू लागले. उतरून पाहिले तर जोडावर केसाएवढी चीर होती. पुढे एका जुन्या मिस्त्रींनी योग्य रीत दाखवली: दोन्ही नळ्यांच्या आत घट्ट बसणारा नळीचा तुकडा सरकवायचा, बाहेरच्या नळीला भोके पाडून त्यांतूनही टाके भरायचे, आणि मगच कडेचा जोड पूर्ण करायचा. तो जोड आजही शाबूत आहे. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की इंजिन, ब्रेक आणि वायरिंग मूळ स्थितीत नीट करून किमान पाचशे किलोमीटर गाडी चालवल्याशिवाय कापाकापीला हात लावू नये.

यावल तालुका. आधी चालवून पाहावे हे खरे. मात्र अनेक वर्षे उभी असलेली गाडी घाईने किक मारून चालू करू नये, एवढी भर मला घालायची आहे. आमची राजदूत १७५ केळीच्या मळ्यातल्या शेडमध्ये वीस वर्षे होती. आम्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडले, दोन दिवस थांबलो, आणि मग मागचे चाक उचलून गिअरमध्ये ते हाताने हळूहळू फिरवले. पिस्टन सुटला. जोर केला असता तर रिंगा तुटल्या असत्या. टाकीतला गंज खडी आणि चिंचेचे पाणी घालून तासन्‌तास हलवून काढला. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवून आत ऑइल फिरवणे महत्त्वाचे, कारण उघडा पत्रा एका रात्रीत पुन्हा तांबूस होतो.

या गाडीला वेगळा ऑइल पंप नसतो, त्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते; आम्ही लिटरमागे ४० मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल घालतो. पहिल्यांदा इंजिन पेटले तेव्हा आबा खाटेवरून उठून आले आणि एवढेच म्हणाले, ‘गाडी चालू व्हयनी!’ याच गाडीवर त्यांनी कित्येक वर्षे दुधाचे कॅन वाहिले होते.

रूप बदलताना मी पुढचे मडगार्ड चांगले वीतभर कापले. पहिल्या पावसात काळ्या मातीच्या गाडरस्त्याने गेलो, तर चिखलाचा मारा थेट इंजिनच्या पंख्यांवर, म्हणजे हवेने ते थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांवर होऊन ते बुजले आणि इंजिन भयंकर तापले. मूळ मडगार्ड लांब का होते आणि चाकापासून इतके उंच का होते, हे त्या दिवशी समजले. आता पूर्ण लांबीचे मडगार्ड परत बसवले आहे. ज्यांची गाडी शेतात जाते त्यांनी इथे हौस करू नये.

भुसावळ. माझी यामाहा आरएक्स १००. ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात निघाली. त्यामुळे सर्वांत नवी म्हटली तरी तिच्या इंजिनावर कुणा ना कुणाचा हात फिरलेलाच असतो. माझ्या गाडीच्या कव्हरचे निम्मे स्क्रू माथे झिजलेले होते. जपानी घडणीच्या गाड्यांच्या स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या फुलीच्या पेचकसाला पूर्ण मिळती नसते. तो जोर लावताच वर सरकतो आणि माथे खातो. योग्य टोकाचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीचा घाव बसताच फिरणारा पेचकस) आणि हातोडी ही माझी पहिली खरेदी असायला हवी होती.

सिलिंडर लेथवर ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर करून, म्हणजे आतून तेवढा मोठा कोरून घेतला. मग दिसायला छान म्हणून मूळ एअर फिल्टरची पेटी काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावला आणि कार्ब्युरेटरमधले मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) मात्र तेच ठेवले. हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले, मिश्रण पातळ झाले. प्लगची चिनीमाती पांढरीफटक पडत होती. तो इशारा होता आणि मला तो वाचता आला नाही. मे महिन्यात वरणगावच्या पुढे इंजिन एकाएकी जखडले आणि मागचे चाक घसटत गेले. क्लच ओढल्यामुळे मी वाचलो. नवा बोअर वाया गेला आणि पुढच्या मापाचा पिस्टन घालावा लागला. प्लग कॉफीच्या रंगाचा दिसेपर्यंत जेट बदलत राहावे, नाहीतर मूळ पेटीच ठेवावी. माझ्या गाडीत ती परत आली आहे.

धुळे. कागदपत्रांबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मी चेसिस कापली नाही, इंजिन तेच ठेवले, आणि सीट, हँडल व दिवे असे सगळे नटबोल्टने परत काढता येतील असेच बदलले. रंगही प्रमाणपत्रात असतो. तो बदलायचा असेल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारावे.

नोंदणीची १५ वर्षे संपल्यावर नूतनीकरण पाच पाच वर्षांसाठी होते आणि त्या वेळी चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप घेतात. मी चेसिस सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने साफ करून) तिच्यावर पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजलेला रंगाच्या भुकटीचा थर, करून घेतले, पण क्रमांकावर टेप लावायला सांगायचे राहिले. जाड थराखाली आकडे बुजले आणि छाप उठेना. तो एवढासा पट्टा पॉलिश पेपरने तासून उघडा करण्यात माझा अख्खा रविवार गेला, आणि आकड्यांना ओरखडा गेला तर काय, ही धास्ती दिवसभर होती.

पारोळा. रंगाचे थोडक्यात: आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी स्प्रे मारू नये. थेंब पत्र्यावर पोहोचेपर्यंत अर्धे वाळतात, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि वरून धूळ बसते. पहाटे सहाला, जमिनीवर पाणी शिंपडून, सावकाश सुकणारा थिनर वापरून मारलेली टाकी मला दुसऱ्या खेपेस साधली.

अमळनेर. मी शिक्षिका आहे आणि दादांची येझदी मोटरसायकल मी घेतली. मला सर्वाधिक भीती वायरिंगची होती, कारण तीन वेगवेगळ्या हातांनी तुकडे जोडून ती एका रंगाची राहिलीच नव्हती. मी वायरिंगची जुनी माळ न फेकता फळीवर खिळे ठोकून तशीच पसरली, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली, आणि तिच्या शेजारी नवी माळ त्याच लांबीची बांधली. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज आणि चेसिसला रंग खरवडून घट्ट लावलेली अर्थिंगची वायर, या दोन गोष्टींनी निम्म्या तक्रारी संपल्या. कमी लांबीचे हँडल लावणार असाल तर वायर मापून लगेच कापू नका. कापलेली वायर लांब होत नाही.

चाळीसगाव. ताईंनी हँडलचा विषय काढला म्हणून सांगतो. मी जुन्या बजाज बॉक्सर मोटरसायकलला खालचे हँडल बसवले आणि ॲक्सिलरेटरची केबल जुनीच, आडव्या वळणाने नेली. अंगणातच गाडी सुरू ठेवून हँडल डावीकडे पूर्ण वळवले, तर केबल ताणून रेस आपोआप वाढली. हेच कन्नड घाटातल्या वळणावर झाले असते. केबल कोनसेटजवळून (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगजवळून) मोकळ्या वळणाने नेली, चाके टेकवून दोन्ही बाजूंना हँडल पूर्ण फिरवून पाहिले, समोरचा ब्रेक दाबून पुन्हा पाहिले, आणि त्यानंतर आठवडाभर घाटाकडे गेलोच नाही. गावातच चालवत राहिलो.