मदत हवी आहे: प्रोसिडिंगची पानं कोरी, चेंज रिपोर्ट अडलेले. वाचनालयाची घडी कशी बसवावी?

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावी एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, शासनमान्य ‘ब’ वर्ग. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, अशा दोन्ही नोंदण्या आहेत. गेल्या जूनमध्ये उरलेल्या सदस्यांनी मला कार्यवाह केलं. मी याच वाचनालयाच्या बालविभागात वाढले, त्यामुळे नाही म्हणवलं नाही.

आमचे अध्यक्ष अण्णा २७ वर्षं सगळं एकहाती सांभाळायचे. पत्रा गळला की स्वतः नवा घेऊन यायचे. अनुदान लांबलं की ग्रंथपालांचा पगार खिशातून द्यायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि मग लक्षात आलं, कुठला कागद कुठे आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

घटनेप्रमाणे ११ जणांची कार्यकारिणी, मुदत ५ वर्षं. धर्मादाय कार्यालयात मंजूर झालेला शेवटचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचं कळवायचा अर्ज) २००८ च्या निवडीचा. २०१३ चा दाखल केला होता, पण तारखांना कोणी गेलंच नाही, म्हणून तो निकाली निघाला. २०१८ चा दाखलच केला नाही आणि २०२३ ला निवडणूकच झाली नाही. शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, आजही २००८ चीच नावं आहेत. त्यातले पाच जण हयात नाहीत, एक मुलाकडे पुण्याला असतात. बँक म्हणते, त्याचा ताजा उतारा आणा, मगच सह्या बदलू. ऑडिट तेवढं दरवर्षी झालेलं आहे, हाच काय तो आधार.

आता मला खरंच टोचणारी गोष्ट. जुनं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, काढलं. २०१८ च्या वार्षिक सभेच्या पानावर वर तारीख, खाली ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले’ एवढी एक ओळ आणि पानाच्या तळाला १४ सह्या. मधलं सगळं कोरं. पुढची तीन पानंही तशीच, जागा सोडून ठेवलेली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “लिहून टाक गं, सगळीकडे असंच चालतं.” माझा हात धजावत नाही. त्या सह्यांत अण्णांचीही सही आहे. त्यांनी न वाचलेलं त्यांच्या सहीच्या वर मी कसं लिहू?

ही पानं कोरी ठेवून चेंज रिपोर्ट करता येतील का, आणि कुठल्या क्रमाने? दुसरं, एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) अभ्यासिकेसाठी मदत मिळू शकते, पण त्यांना तीन वर्षांचा आराखडा हवा आहे. आमच्याकडे कधी पुढच्या महिन्याचाही लिहिलेला नव्हता. सुरुवात कुठून करायची? शिवाय एका सदस्यांचा आग्रह आहे की रस्त्याकडचे तीन गाळे १० वर्षांच्या कराराने भाड्याने देऊन पैसा उभा करावा. हे लगेच करता येईल का?

प्रतिसाद १

ताई, त्या पानांवर एक अक्षरही लिहू नका. फोटो काढून ठेवा. पुढच्या सभेत नव्या पानावर ठराव घ्या की अमुक पानं कोरी आढळली.

विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यायचा, कारण जे खरं आहे तेच लिहायचं. सगळ्यात आधी शेड्यूल वनची आणि २०१३ च्या प्रकरणातल्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. ते प्रकरण पुन्हा सुनावणीला घ्यायला सांगता येतं का, हे वकिलांना त्या आदेशावरून ठरवू द्या. मयत विश्वस्तांचे मृत्यू दाखले, हयात असलेल्यांची संमतीपत्रं गोळा करायला लागा. पुण्याच्या काकांकडे स्वतः जा, पोस्टाने कागद पाठवू नका. वयस्कर माणसाला न बोलता कागदावर सही मागितली की धसका बसतो.

२०१८ ची निवड कागदाने सिद्ध होत नसेल तर ओढूनताणून सिद्ध करू नका. कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निवडणुकीसाठी निर्देश मागता येतात. पण त्यासाठी सभासद यादी चोख हवी. सगळे वाद तिथूनच सुरू होतात.

प्रतिसाद २

गाळ्यांचं आत्ता थांबवा. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावर द्यायची तर कलम ३६ प्रमाणे आधी मंजुरी लागते. कार्यकारिणीच नोंदीवर नसताना सही कोण करणार?

आराखड्यासाठी मोठे शब्द शोधू नका. वाचनकक्षाची हजेरीवही घ्या. रोज किती मुलं येतात, परीक्षेच्या दिवसांत किती परत जातात, ते मोजा. किती खुर्च्या, किती तास, दिव्याचं बिल किती, तिथून आकडे निघतील. पहिलं वर्ष नुसतं कागद सावरायला ठेवा आणि कंपनीला तसं स्पष्ट सांगा. सीएसआर-१ (असा निधी घ्यायला संस्थेने करायची नोंदणी) आणि प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या आहेत का तेही बघा. सीएसआर-१ ची अट १ एप्रिल २०२१ पासून आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ज्येष्ठ सदस्यांना प्रतिसाद १ वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “पुण्याला मीही येतो, तो माझा वर्गमित्र आहे.” रविवारी निघतोय. सभासद रजिस्टर सापडलं आहे, २०१६ पर्यंतच्या नोंदी आहेत. त्यानंतरच्या वर्गणीच्या पावत्या ग्रंथपालांनी तारखेप्रमाणे दोऱ्यात ओवून ठेवल्यात, त्यावरून यादी पुरी करायला बसले आहे. त्या पावत्यांवरून केलेली यादी धर्मादाय कार्यालयात ग्राह्य धरतात का? कोणी केलं असेल तर सांगा.