जपानहून चामडंकामाचं सामान मागवायचंय, कस्टम्स धरून खरा खर्च किती येतो?

वॅक्सधागा

नमस्कार मंडळी. राहायला राजारामपुरीत, नोकरी बँकेत. लॉकडाऊनमध्ये हाताने चामड्याची पाकिटं शिवायचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. घरच्यांना, साहेबांना, मेव्हण्याच्या मित्रांनाही वाटून झाली. आता स्वतःचाच टाका बघवत नाही. ऑनलाइन घेतलेला चारशे रुपयांचा पंच आहे, त्याचे दात इतके जाड की पाकिटाआधी भोकंच दिसतात.

म्हणून जपानच्या एका दुकानात कार्ट भरून ठेवलंय. दोन प्रिकिंग आयर्न, म्हणजे टाक्यांची भोकं पाडायचे दातेरी पंच, दातांत अंतर ३.३८ मिमी (एक दोन दाती, एक दहा दाती), ०.५५ मिमीचा लिनन मेणदोरा, कडांचा रंग, चामडं रंगवायचा अल्कोहोलवाला डाय, आणि २ मिमीचं व्हेज-टॅन चामडं चार चौरस फूट. सामान १४,००० च्या घरात, वर शिपिंग ३,८०० दाखवतंय. बटण दाबायचा धीर होत नाही.

कस्टम्स किती लागेल? पोस्टाने मागवू की कुरिअरने? आणि दुकानदाराला 'गिफ्ट' लिहायला सांगितलं तर चालतं का?

गंगावेस_गडी

भावा, गिफ्टच लिहायला सांग की. माझ्या मावसभावानं दुबईहून तसंच घड्याळ पाठवलंतं. पाच हजारापर्यंत फुकट असतंय.

मणीमाळ

थांबा, गडीभाऊ. ते पाच हजारांचं जुनं झालं. डिसेंबर २०१९ मध्ये पोस्टाने किंवा कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून माल आणणंच बंद केलं सरकारने. सवलत उरली ती दोनच गोष्टींना, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. त्यातही राखीसोबत आलेली भेटवस्तू धरत नाहीत. तेव्हा जपानी दुकानदाराला राखी बांधायला लावणार असाल तर बघा.

किंमत कमी लिहायलाही सांगू नका. दुकानाचं बिल आणि तुमचं पेमेंट मागितलं की पकडले जाता. माल जप्त, वर दंड. शिवाय वाटेत पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते.

आता हिशोब. मी जपानच्या मियुकी कंपनीचे ११ नंबरचे बारीक डेलिका मणी मागवते, कोल्हापुरी साज मण्यांत विणायचा छंद आहे. २०२३ मधल्या एका पार्सलचं गणित माझ्या वहीत जसं आहे तसं देते, कारण लोक इथेच फसतात.

मणी ६,०००, शिपिंग २,०००. कस्टम्स ८,००० वर लागतं, ६,००० वर नाही. भाडं आणि विमा मिळवून जी किंमत होते ती धरतात, आणि येनचे रुपये करताना कस्टम्सने स्वतः जाहीर केलेला दर लावतात, गुगलवरचा नाही.

८,००० वर मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, म्हणजे २,८००. त्या २,८०० वर समाजकल्याण अधिभार १० टक्के, २८०. झाले ११,०८०. आता या ११,०८० वर आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी, २८ टक्के, ३,१०२. एकूण कर ६,१८२. म्हणजे ७७ टक्क्यांच्या वर, आणि सहा हजारांचे मणी मला चौदा हजार एकशे ब्याऐंशीला पडले. नवऱ्याला आकडा सांगितला नव्हता. तो इथे येत नाही म्हणून लिहितेय.

तेव्हापासून दर उतरलेत. वैयक्तिक वापरासाठी आणलेल्या मालावरचं मूळ शुल्क २०२५ मध्ये ३५ वरून २० झालं, २०२६ च्या बजेटात २० वरून १० जाहीर झालं. जीएसटीतला २८ चा टप्पाही सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. ऑर्डर टाकायच्या दिवशीचा दर बघून मांडा, पण मांडणी हीच. कराच्या डोक्यावर कर बसतो, नुसती बेरीज करून चालत नाही.

आणि या वैयक्तिक मालाला सगळ्याला एकच दर. मणी, दोरा, पंच काहीही असो. त्यामुळे चार पार्सलं करून कर वाचत नाही, चार वेळा शिपिंग मात्र जातं.

आरीवरचा_हात

ओ साहेब, कोल्हापुरात राहून जपानहून कातडं मागवतायसा? आमचा म्हातारा ऐकला तर रापी घेऊन मागं लागंल!

आमचं घर सुभाषनगरात, तिसरी पिढी पायताणाच्या धंद्यात. कोल्हापुरी चपलेचं कातडं म्हंजे व्हेज-टॅनच की वो. बाभळीची साल, हिरडा, ह्यातच कमावल्यालं. तेच तुमी 'व्हेज-टॅन' म्हणून येनमध्ये घेताय. २०१९ ला चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते काय उगंच न्हाई.

आता खरं बी सांगतो. चपलेच्या तळाचं म्हशीचं कातडं पाकिटाला चालत न्हाई, राठ आणि जाड. पाकिटाला पातळ, घट्ट दाण्याचं पायजे. वरच्या पट्ट्याला, वेणीला जे मऊ वापरत्यात ते बगा. न्हाईतर तमिळनाडूकडचं ईस्ट इंडिया लेदर मागवा, त्येबी सालीत कमावल्यालंच आणि त्यालाबी जीआय हाय. विकणाऱ्याला जाडी मिमीमध्ये सांगा, १.२ ते १.४. दोन मिमीचं पाकीट खिशात वीट ठेवल्यागत लागंल.

घेताना दुमडून बगा. वरचा दाणा सुटून सुरकुती पडली तर ते पोटाकडचं, घेऊ नका. पाठीचं, खांद्याचं घ्या. नखानं दाबलं की वळ उमटला पायजे आणि हळूहळू जायला पायजे. ही पारख फोटोत हुत न्हाई, म्हणून तर म्हणतो, कातडं हातात धरूनच घ्यायचं.

आणि जूनच्या आधी भारंभार घेऊन ठेवू नका. आपल्याकडचा पाऊस. ऑगस्टात कपाट उघडाल तर पांढरी भुरी.

वॅक्सधागा

आरीदादा, लाजच वाटली वाचून. रोज भवानी मंडपावरून, चप्पल लाईनवरून गाडी घालतो आणि डोक्यात हे आलं नाही. चामडं कार्टातून काढलं. शिपिंग एका झटक्यात ३,८०० वरून १,९०० वर आलं!

मणीताई, पोस्ट की कुरिअर ते राहिलं.

मणीमाळ

घाई नसेल तर पोस्ट. परदेशी टपाल मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात येतं, तिथे कस्टम्सवाले किंमत लावतात, आणि मग पार्सल आपल्याकडे. कर पोस्टमनकाकांना द्यायचा, पोस्टाची हाताळणी फी किरकोळ. घरात सुटे पैसे ठेवा. एकदा सासूबाईंनी "आम्ही काही मागवलं नाही" म्हणून परत पाठवलं होतं, मग हेड पोस्टात पळापळ.

कुरिअर चार-पाच दिवसांत दारात येतं, पण त्यांची स्वतःची फी असते. तुमच्या वतीने कर आधी भरला म्हणून एक रक्कम, त्यावर जीएसटी. पार्सल लहान असलं की हीच फी टोचते. एकदा माझा कर नऊशे आणि यांची फी त्याहून जास्त होती. वर आधार मागणारा त्यांचा मेल स्पॅममध्ये जाऊन पडलेला. पार्सल गोदामात बसलं, गोदामाचं भाडं चढलं. बिल आलं तीन आठवड्यांनी, मणी विणून संपल्यावर. कंपनीचं नाव लिहीत नाही, बाकीच्यांचीही तऱ्हा तीच ऐकलीय.

कुरिअरने मागवायचं तर सामान निघाल्या दिवसापासून रोज स्पॅम उघडा. आणि कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करा. तुम्ही बँकेतलेच, तुम्हाला काय सांगायचं.

वॅक्सधागा

सांगा, सांगा. माझंच कार्ड बंद होतं :) बाकीच्यांसाठी लिहितो: परदेशी चलनात खर्च केला की बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ८,००० वर साडेतीनने २८० अधिक ५०. कस्टम्सपुढे चिल्लर, पण धरायची.

लेथ_ते_लेदर

उशिरा आलो. माझं वर्कशॉप उद्यमनगरात आहे आणि तुमच्यासारखाच पाकिटांचा रोग मलाही आहे.

पहिलं म्हणजे डाय काढा कार्टातून. अल्कोहोलवाला म्हणजे ज्वालाग्राही द्रव, तो विमानाच्या टपालातून चालत नाही. दुकानदार एक तर पाठवणार नाही, किंवा पाठवला तर वाटेतून परत. सॉल्व्हंटवाल्या गोंदाचंही तेच. पाण्यात बनलेला रंग चालतो, पण पाणी विमानाने आणून त्यावर कर भरायचा, हे मला तरी पटत नाही.

आता आयर्न. मी म्हटलं, कोल्हापुरात पंपाचे सुटे भाग, इंजिनाची हेडं तयार होतात, मग सहा दातांचा एक पंच काय होत नाही? ओएचएनएस या टूल स्टीलची पट्टी घेतली, वायरकटवर (विजेच्या तारेने पोलाद कापणारं मशीन) दात काढून घेतले, हार्डनिंग केलं. दिसायला झकास. पहिला ठोका मारला, आत गेलं. बाहेर येईना! ओढलं तर चामड्यासकट वर आलं. भिंगातून बघितलं तर वायरकटचा खरखरीतपणा दातांच्या बाजूंवर तसाच, आणि उतार सरळ. चांगल्या आयर्नचा दात टोकापासून वर हळूहळू रुंदावतो आणि बाजू आरशासारख्या असतात, म्हणून ते सहज सुटतं. दुसऱ्या खेपेला दातादातामधून २००० नंबरचा पेपर घातला. सहा दातांना दोन रविवार. चालतं, पण टाका अजून जपानीसारखा तिरका बसत नाही. माझा वेळ धरला तर कस्टम्स भरलेलं स्वस्त पडलं असतं. वर्कशॉपवाला असून सांगतोय, म्हणजे समजून घ्या.

तेव्हा आयर्न मागवा. ते हलके आहेत, वर्षानुवर्षं टिकतात. बाकी हातोडी, कडा घासायचा लाकडी गोल, पाकिटाच्या आकारात चामडं कापायचा साचा, पितळी शिक्के इथे करून घ्या. शिक्क्याचं अक्षर उलटं द्यायला विसरू नका. माझ्याकडे एक सुलटं पडलंय, पेपरवेट म्हणून वापरतो.

कडांना डिंक कतीरा भिजवून लावून बघा, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. परदेशी लोक ट्रॅगाकॅन्थ वापरतात, त्याचाच भाऊबंद. कापडाने गरम होईपर्यंत घासायचं. वर मधमाशीचं मेण.

आरीवरचा_हात

सुलटा शिक्का 😂 काटा किर्रर्र.

आकडेमोड_काका

एक मुद्दा राहिला. दोरा फ्रान्स-जर्मनीचा किंवा इंग्लंडचा घेणार असाल तर तिथल्या साइटवर दिसणाऱ्या किमतीत त्यांचा व्हॅट असतो, इंग्लंडचा २०, जर्मनीचा १९ टक्के. भारताचा पत्ता घातल्यावर तो वजा व्हायला हवा. नाही झाला तर दुकानाला मेल करा, निर्यातीवर तो लागत नाही. जपानचा उपभोग कर १० टक्के, तोही तसाच. नाहीतर त्यांचा करही भरताय आणि त्या कराच्या रकमेवर आपलाही.

विकायचा विचार असेल तर मात्र हा रस्ता चुकीचा. वैयक्तिक वापराचं म्हणून आणायचं आणि प्रदर्शनात विकायचं, हे बसत नाही. डीजीएफटीकडून (केंद्राचं परदेश व्यापार खातं) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, घ्या, फी ५०० रुपये, पॅनवर मिळतो. मग प्रत्येक वस्तूला तिच्या स्वतःच्या वर्गाप्रमाणे शुल्क लागतं, आणि जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीची वजावट मिळते. मूळ शुल्काची मिळत नाही. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो आयईसी ऑनलाइन ताजा करावा लागतो, बदल काही नसला तरी. आमच्या एका अशिलाने नाही केला, बंद पडला, आणि माल बंदरात.

गंगावेस_गडी

काका, मगरीच्या कातड्याचा बेल्ट मागवला तर?

आकडेमोड_काका

नको रे बाबा. मगर, अजगर वगैरे 'साइट्स' या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, परवान्याशिवाय आणलं तर कस्टम्स सोड, वनखातं दारात येईल.

वॅक्सधागा

ताजी खबर. रविवारी सकाळी आरीदादांनी सांगितल्याप्रमाणे दुमडून, नख दाबून तीन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानातल्या आजोबांनी विचारलं, "कशाला पायजे?" पाकीट दाखवलं. त्यांनी उलटंपालटं केलं, टाक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दोरा बरा हाय, भोक वाईट." मग आतून १.३ मिमीचा खांद्याचा तुकडा काढून दिला, आणि त्यांची जुनी आरी धार लावून बघायला हातात दिली. अर्धा तास तिथेच बसलो.

कार्टात आता दोन आयर्न आणि दोऱ्याच्या दोन रिळी, एवढंच. व्हॅटवाला मुद्दा जपानी दुकानाला विचारला, दाखवलेली किंमत करमुक्तच आहे म्हणाले. पोस्टाने मागवतोय. कुणाला त्यातच काही घालायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, शिपिंग वाटून घेऊ.

लेथ_ते_लेदर

माझ्यासाठी ३.८५ चं एक, चार दाती. पैसे आधी पाठवतो.

मणीमाळ

एकाच मापाची पाच-सहा नगं करू नका हं, विक्रीचा माल समजून अडवतात. वेगवेगळी मापं घ्या. आणि माझी मण्यांची एक पुडी, ५० ग्रॅमची. तेवढ्यात बसेल का?