तालुक्यातल्या यूट्यूब बातमीवाल्यांना नोंदणी सक्तीची करावी का? (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

प्रिंटलाइन

चार पानांचं साप्ताहिक काढायचं म्हटलं तरी शीर्षक मंजूर करून घ्यावं लागतं, प्रेस सेवा पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं छपाईच्या पत्त्यासकट अंकात छापावी लागतात, तीच प्रिंटलाइन. वृत्तपत्र नोंदणीचा 1867 चा कायदा गेला, 1 मार्च 2024 पासून 2023 चा नवा कायदा लागू झाला, कलेक्टर कचेरीतलं घोषणापत्र बंद झालं. नाव-पत्ता मात्र सुटला नाही. तालुक्यात मोबाइल आणि माइकवर चिकटवलेला लोगो घेऊन बातमी देणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही.

आता परिणाम पहा. कापसाच्या ऐन हंगामात रात्री आठला व्हिडिओ सुटतो, ‘सीसीआयचं केंद्र उद्यापासून बंद’. सीसीआय म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं केंद्र सरकारचं कापूस महामंडळ. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ज्याच्या घरात छतापर्यंत कापूस भरलाय तो रातोरात घाबरतो, सकाळी खेडा खरेदीवाल्याला (गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला) बोलावतो आणि तो म्हणेल त्या भावात काटा करून मोकळा होतो. केंद्र बंद नसतंच. जिनिंगमधल्या गाठी उचलल्या गेल्या नाहीत, जागा उरली नाही, म्हणून दोन दिवस आवक थांबवलेली असते. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब. तक्रार द्यायची कोणाविरुद्ध?

म्हणून माझं मत: जिल्हा पातळीवर सक्तीची नोंदणी असावी आणि बातमी खोटी ठरली की ती रद्द व्हावी.

खालचं कोर्ट

‘खोटी ठरली की’ इथेच गाडी रुतते. ठरवणार कोण? जिल्हाधिकारी? मग त्याच कचेरीतल्या रेतीघाटाच्या लिलावाची बातमी कोण देईल?

घटनेच्या कलम 19(2) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या बंधनाची आठ कारणं मोजून दिली आहेत: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. ‘बातमी खोटी’ हे नववं कारण त्यात नाही. शिवाय 1951 च्या पहिल्या दुरुस्तीपासून बंधन ‘वाजवी’ असावं लागतं, आणि ते वाजवी आहे की नाही हे कोर्ट तपासतं.

केंद्राने एप्रिल 2023 मध्ये हाच प्रयोग केला होता. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दल काय खोटं ते सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवणार होता. मुंबई हायकोर्टात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, प्रकरण तिसऱ्याकडे गेलं आणि 20 सप्टेंबर 2024 ला ती तरतूद घटनाबाह्य ठरली. दिल्लीला जे जमलं नाही ते जिल्ह्याच्या ठिकाणी कसं टिकेल?

कापूसकोंड्या

वकीलसाहेब, पुस्तकात सगळं बरोबर आहे. पण प्रिंटलाइनचं उदाहरण तुमच्या कलमांतून निसटलं. भारतीय न्यायसंहितेच्या कलम 353 ला अफवेसोबत दंगा, लोकांत घबराट, समाजासमाजांत वैर असं काहीतरी लागतं. ‘केंद्र बंद’ म्हटल्याने कोणी दगड उचलत नाही, फक्त शेतकऱ्याच्या खिशातून पैसे जातात. व्यापाऱ्याशी संगनमत सिद्ध केलं तर फसवणूक लागेल, पण तो पुरावा वणी-पांढरकवड्याचा शेतकरी कुठून आणणार?

प्रेस कौन्सिलचं म्हणाल तर 1978 च्या कायद्याने तिला समज देता येते, निषेध करता येतो, संपलं. दंड नाही. आणि यूट्यूब तिच्या कक्षेतच येत नाही.

ठेचाभाकर

राजेहो, पन खोटी बातमी यूट्यूबवालाच देते काय? मोठ्या पेपरात ‘भाव दहा हजारावर जाणार’ छापून येते, लोकं कापूस घरात ठेवून बसतात, मार्च-एप्रिलात अंगाले खाज सुटते तवा विकतात. त्याची प्रिंटलाइन तर चकचकीत असते ना? त्याले काहून नाई इचारत कोनी?

प्रिंटलाइन

रास्त. पण त्या पेपरला वकिलामार्फत नोटीस पाठवायला पत्ता तरी आहे. माझा मुद्दा तेवढाच आहे.

मस्टर क्रमांक

नोंदणी हवी की नको यावर दोन्हीकडून शाई चालली आहे. गावपातळीवर बातमी अडते ती वेगळ्याच ठिकाणी.

एक म्हणजे जाहिरात. छोटं साप्ताहिक विक्रीवर चालत नाही. शासनाच्या जाहिरात यादीवरचं असेल तर वर्गवारीप्रमाणे दर मिळतो आणि टेंडर नोटीस, जाहीर सूचना यांवर छपाईचं बिल निघतं. यादीतून काढायची धमकीसुद्धा द्यावी लागत नाही, दोन महिने जाहिरात आली नाही की संपादकाला समजतं. त्याला सेन्सॉरशिप म्हणत नाहीत, कारण कागदावर आदेशच नसतो. मार्च 2025 मध्ये राज्य सरकारने बातम्यांची सकारात्मक-नकारात्मक छाननी करायला 10 कोटींचं माध्यम निरीक्षण केंद्र मंजूर केलं. आपली बातमी कोणत्या खान्यात पडली हे यादीवरच्या पेपराला कळत नाही, आणि तेवढ्यानेच पेन जड होतं.

दोन म्हणजे माहिती अधिकार. नोव्हेंबर 2025 पासून कलम 8(1)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायला ‘सार्वजनिक कामाशी संबंध नाही’ किंवा ‘खासगीपणावर विनाकारण घाला’ असं दाखवावं लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच लिहिलं की अर्ज निकाली. घरकुलाची यादी, सिंचन विहिरीचे लाभार्थी, रोजगार हमीच्या मस्टरवरचे (हजेरीपटावरचे) मजूर, सगळं त्यात कोंबता येतं.

यातून वाट आहे, ती अर्ज कसा लिहिता त्यावर. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांचा लागतो, वर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. व्यक्तीचं नाव घेऊन विचारू नका. ‘अमुक गावातील मनरेगा सिंचन विहीर, कामाचा सांकेतांक अमुक: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, ई-मस्टर, देयकं’ असं कामाचं नाव घेऊन मागा. खाली दोन ओळी टाका: कलम 4(1)(ख) प्रमाणे अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे, आणि कलम 8(2) नुसार नुकसानीपेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. 8(2) अजून शाबूत आहे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं की पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: ‘साहेब म्हणाले पुढच्या आठवड्यात या’ यात अपिलाची मुदत निघून जाते. तोंडी आश्वासनाला मुदतवाढ नसते.

कापूसकोंड्या

कामाची माहिती. पण धागा भाषणाच्या मर्यादेचा आहे, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावती शहरात इंटरनेट बंद करावं लागलं, मे 2023 मध्ये अकोल्यात तेच. अकोल्याची ठिणगी सोशल मीडियावरच्या पोस्टची होती. दहा-वीस जणांच्या उचापतीपायी अख्ख्या शहराचं नेट गेलं. कोणाचं काय आहे याची नोंद असती तर तेवढीच चॅनलं थांबवून भागलं असतं. मोठं बंधन नको असेल तर छोटं बंधन मान्य करा.

खालचं कोर्ट

ऐकायला बरं वाटतं, पण अफवा चॅनलवरून कमी आणि व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून जास्त पळते. तिथे नोंदणी कोणाची करणार, ग्रुपच्या ॲडमिनची? गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्येच सांगितलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, संगनमत दाखवावं लागतं.

नेटबंदीचं विचाराल तर तिलाही चौकट आहे. आदेश राज्याच्या गृहसचिवाचा लागतो, एका वेळी जास्तीत जास्त 15 दिवस, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 10 जानेवारी 2020 च्या निकालाप्रमाणे तो प्रसिद्ध करावा लागतो, म्हणजे आव्हान देता येतं. आदेश शोधा, तारीख पहा, कारण वाचा. ‘खबरदारीचा उपाय’ एवढंच लिहिलं असेल तर तो कोर्टात लंगडा पडतो.

आणि मजकूर कोणाच्या नजरेने वाचायचा, याचं उत्तर आपल्या नागपूरनेच दिलंय. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडच्या नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल प्रकरणात कसोटी घातली: शब्दांचा परिणाम ठाम, समंजस माणसावर काय होईल ते पाहायचं, प्रत्येक वाक्यात धोका हुंगणाऱ्या कमकुवत मनावर नव्हे. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कवी-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना तीच कसोटी पुन्हा हातात घेतली. सोबत हेही म्हटलं की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या भाषणविषयक गुन्ह्यांत एफआयआरआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(3) खाली प्राथमिक चौकशी करणंच बरं. ती उपअधीक्षकाच्या परवानगीने, 14 दिवसांत.

कापूसकोंड्या

कोर्टातला ठाम माणूस रात्री अकराला चौकात सापडत नाही भाऊ. तिथे जो सापडतो त्याच्यासाठीच पोलीस लागतात.

इंद्रावती

गडचिरोलीच्या बाजूने एक. राज्याचा जनसुरक्षा कायदा जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने मंजूर केला. डाव्या कडव्या संघटनांना आवर हा त्याचा सांगितलेला हेतू, आणि त्या हेतूला आमच्या भागात विरोध करणारा विरळाच. गोम व्याख्येत आहे. ‘बेकायदेशीर कृत्य’ या सदरात बोललेले-लिहिलेले शब्द, खुणा, चित्रंही येतात, आणि कायद्याची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणं हेही येतं. खाणीविरुद्ध ग्रामसभेने ठराव केला, लोक रस्त्यावर बसले आणि वार्ताहराने त्यांचं म्हणणं जसंच्या तसं दिलं, तर ती बातमी की प्रोत्साहन? दोन बंदुकांच्या मधे उभं राहून लिहिणाऱ्याला ही रेष कायद्यातच दिसायला हवी, जामिनाच्या सुनावणीत नव्हे.

प्रिंटलाइन

त्या कायद्यात संघटना बेकायदा ठरवण्याआधी सल्लागार मंडळाची पायरी आहे, हेही सांगा की.

इंद्रावती

आहे. पण ती संघटनेसाठी. वार्ताहराला आधी ठाणं दिसतं, मंडळ नंतर.

खालचं कोर्ट

ठाण्याचा विषय निघालाच आहे तर. ‘तो व्हिडिओ उडवून टाक’ असा ठाणेदाराचा फोन आला तर तो कायदेशीर आदेश नव्हे. मजकूर काढायचा आदेश प्लॅटफॉर्मला जातो, आणि 15 नोव्हेंबर 2025 पासून तो पोलिसांकडून द्यायचा तर खास प्राधिकृत केलेला उपमहानिरीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो. (कर्नाटक हायकोर्टाने सप्टेंबर 2025 मध्ये असे आदेश पाठवायच्या केंद्राच्या सहयोग पोर्टलवरचा एक्सचा (पूर्वीच्या ट्विटरचा) आक्षेप फेटाळला, तेव्हा ही वाट सरकारकडे उघडी आहे, ते नाकारत नाही.)

घाबरून व्हिडिओ डिलीट करू नका. उद्या तोच तुमचा बचाव असतो. मूळ फाइल मेमरी कार्डवरून न कापता, नाव न बदलता दुसऱ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दाबली जाते, तिचं हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) मूळ फाइलशी जुळत नाही, आणि साक्ष अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅशच लिहायचं असतं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात साधारणपणे आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या 35(3) ची हजर राहण्याची नोटीस येते. नोटिशीवर गुन्हा क्रमांक आणि कलम आहे का पाहा, पोच देताना तारीख-वेळ टाका, आणि हजर व्हा. न जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, अटकेचं कारण तुम्हीच पुरवता. मोबाइल जप्त केला तर जप्तीचं चित्रीकरण त्याच संहितेच्या कलम 105 ने सक्तीचं आहे, पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

प्रिंटलाइन

बरं, मी अर्धं पाऊल मागे येतो. ‘रद्द’ सोडलं. पण प्रत्येक व्हिडिओखाली नाव, गाव, फोन नंबर सक्तीचा करा, आणि चूक दुरुस्त करायची तर त्याच चॅनलवर, त्याच मथळ्याच्या जागी, 24 तासांत. व्हिडिओ गुपचूप उडवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

मस्टर क्रमांक

दुरुस्तीचं मान्य, त्याला कायदाही नको, तालुका पत्रकार संघाने ठरवलं तरी पुरे. नाव-गावही चालेल. फोन नंबर नको. रेतीघाटाची बातमी केली की रात्री कोणाचे फोन येतात ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

कापूसकोंड्या

त्यासाठी 2017 चा पत्रकार संरक्षण कायदा आहे की. अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे.

मस्टर क्रमांक

व्याख्या वाचा. ज्याचा ‘मुख्य व्यवसाय’ पत्रकारिता आहे आणि जो माध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी कामावर आहे, तोच त्यात बसतो. तालुक्याचा वार्ताहर सातबाऱ्यावर शेतकरी, गावात किराणा दुकानदार आणि उरलेल्या वेळात बातमीदार असतो. नियुक्तीपत्र नाही, मानधन रोख.

प्रिंटलाइन

मग माझंच म्हणणं झालं ना! नोंदणी असती तर त्याला हे संरक्षण मिळालं असतं.

खालचं कोर्ट

नोंदणी कशाला, त्या व्याख्येतला ‘मुख्य’ शब्द काढा. आणि तोवर ज्या पेपरला बातम्या देता त्याच्याकडून वर्षाचं पत्र लेटरहेडवर घ्या, तारीख आणि जावक क्रमांकासकट. मानधन शंभर रुपये असलं तरी बँकेत मागा.

ठेचाभाकर

शंभर देते कोन, तो पेपर सांगा पयले.